मॅलकीकाका बँकेला जामीन राहिले

आमच्या नेसाला बँकेत नोकरी लागली, त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरला. मग वाटायला लागलं, काउंटरवर बसून पोरीची पाठ धरेल. नोटा मोजताना चूक झाली तर? कुणी बंदूक घेऊन आत शिरलं तर? आईला जे जे सुचायचं ते सगळं मला सुचलं. आपल्याच घरातल्या मागच्या खोलीत राहणारा, रोज सकाळी आपल्याच हातची लापशी खाणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस तिच्या नोकरीच्या मुळावर उठेल, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

मॅलकी टॅन्सी हे माझ्या नवऱ्याचे, जार्लथचे, काका. लग्न केलं नाही, शेती नावापुरती. त्यांचा खरा धंदा गुरांच्या बाजारात मध्यस्थी करण्याचा. आमच्या क्लूनबेगला पूर्वी भर रस्त्यात बाजार भरायचा. विकणारा तोंड फिरवून उभा, घेणारा रागारागाने निघालेला, आणि मधे मॅलकीकाका एकाची बाही धरून दुसऱ्याला हाका मारताहेत, असं ते चित्र. "अरे, दोन पौंडांवरून काय असे दुश्मनासारखे चाललात? तुझा बाप नि त्याचा बाप एका बाकावर बसून प्रार्थना म्हणायचे!" शेवटी दोघांचे तळहात थुंकीने ओले करून, मनगटं पकडून ते टाळी वाजवायचे. टाळी वाजली की सौदा झाला.

पण त्याला नियम होते. टाळीच्या आधी विकणाऱ्याने जनावराची खोड सांगायची. टाळीनंतर त्याने घेणाऱ्याच्या हातावर शकुनाचा पैसा ठेवायचा. कितीही असो, एक नाणं असलं तरी चालेल. तो दिला नाही तर जनावर लाभत नाही, आणि घेणाऱ्याला सौदा सोडून घरी जाता येतं. कुणी त्याला नावं ठेवत नाही.

तिसरा नियम काकांचा स्वतःचा होता: चालवून बघितल्याशिवाय कशालाही जामीन राहायचं नाही. हा नियम त्यांना एका मेंढ्याने शिकवला. तरुणपणी त्यांनी न बघताच त्या मेंढ्याची हमी दिली होती. "अगदी गरीब आहे, पोरांनी शिंगं धरली तरी बोलायचा नाही." त्या गरीब मेंढ्याने दुसऱ्याच दिवशी आमच्या पाद्रीबाबांना चौकातल्या टेलिफोन बूथमध्ये कोंडून घातलं. बाबांनी आतून पोलिसाला फोन केला. पोलीस आला, आणि थोड्या वेळाने तोही बूथमध्ये शिरला. दोघं दार आतून धरून बसले. काकांनी त्या मेंढ्याचे पैसे पदरचे भरले आणि तो मरेपर्यंत त्याला सांभाळलं. आपण जामीन राहिलो ना, मग आता तो आपलाच, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या लग्नात चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी माझ्या वडिलांकडे शकुनाचा पैसा मागितला होता. वडील शाळामास्तर. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यांनी कोटाच्या खिशातून पन्नास पेन्सचं नाणं काढून जार्लथच्या हातावर ठेवलं. आमचा संसार त्या नाण्यावर टिकलाय, असं काका अजून सांगतात. मला तेव्हा राग आला होता. मी गॉलवेच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेली, आणि इथे माझा सौदा.

त्या अर्थशास्त्रानेच पुढे घात केला.

दोन हजार आठचा सप्टेंबर संपत होता. बँकांचं काही खरं नाही असं जो तो बोलत होता. मी तर दोन आठवडे नीट जेवले नव्हते, कारण नेसा अजून कायम झाली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी तिला कायम करणार की घरी पाठवणार, ते ठरणार होतं. अशात एका मंगळवारी सकाळी रेडिओवर बातमी आली की बँकांमधल्या ठेवी आणि बँकांनी काढलेली कर्जं, सगळ्याला आता सरकारची हमी आहे. मी देवाचे आभार मानले. नेसा सोडा ब्रेडचा तुकडा तोंडात धरूनच बूट घालत होती.

काकांनी विचारलं, "कोण जामीन राहिलंय म्हणाला तो?"

"सरकार, काका."

"सरकारकडे कुठून आले पैसे?"

मी उत्साहात होते. म्हटलं, "सरकार म्हणजे आपणच की! कर भरणारे आपण सगळे. तसं बघितलं तर तुम्हीसुद्धा जामीन राहिलात बँकेला."

काकांनी चमचा खाली ठेवला. "मी?"

"आई," नेसा म्हणाली, "कशाला?"

"मी जामीन राहिलो, आणि मला सांगायला रेडिओवाला येतो? कुणी बघितली बँक? कुणी चालवून बघितली?"

"काका, ती गाय नाही."

"म्हणजे त्याहून वाईट. गाय निदान दूध देते." ते उठले, खुंटीवरचा कोट काढला. "आणि शकुनाचा पैसा? तो कुणाला मिळाला?"

नेसा पळत सुटली. काका तिच्या मागून काठी टेकत निघाले. भांडी तशीच टाकून मी त्या दोघांच्या मागे.

बँकेत गेल्यावर काकांनी आधी छताकडे बघितलं. कोपऱ्यात ओल होती. "हं," म्हणाले. मग गालिच्याची कड काठीने उचलून खाली बघितलं. काउंटरवर बोटांनी टकटक केलं. रांगेतली माणसं सरकून जागा द्यायला लागली. क्लूनबेगमध्ये म्हाताऱ्यांना जनावर तपासताना कुणी मधे अडवत नाही.

मॅनेजर फिंटन ग्रीली बाहेर आला. डब्लिनचा मुलगा, चांगल्या घरचा, पायांत चकचकीत बूट. "मिस्टर टॅन्सी! काय सेवा करू?"

"चालून दाखव."

"कोण? मी?"

"बँकेला पाय असते तर तिला सांगितलं असतं. तिच्या वतीने तू उभा आहेस ना? मग तूच चाल."

ग्रीली स्वभावाने गरीब. ग्राहकाला नाही म्हणायचं नाही, असं त्याला शिकवलेलं. तो काउंटरपासून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आता जरा जोरात."

चौकात खानावळ चालवणारी डेलिया बर्न रांगेत होती. ती ओरडली, "मान वर कर रे फिंटन! किंमत चढेल!"

मी काचेआडून नेसाकडे बघितलं. ती बीटासारखी लाल झाली होती. ओठांनीच मला सांगत होती: आई, ह्यांना घरी ने.

"चाल बरी आहे," काका म्हणाले. "आता खोड सांग."

"खोड? आपली बँक अगदी भक्कम आहे, मिस्टर टॅन्सी. आणि आता तर हमीसुद्धा..."

"हमी माझी आहे. मला काय सांगतोस? खोड सांग, नि शकुनाचा पैसा काढ. मग मी जामीन."

ग्रीलीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "बँक असली रक्कम देत नाही," तो म्हणाला.

"मग टाळी झाली नाही," काका म्हणाले, आणि तोंड फिरवून दाराकडे निघाले.

आता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की असा निघालेला माणूस जायला निघालेला नसतो. त्याला परत बोलवायचं असतं. काका दारापर्यंत अगदी सावकाश गेले. दारात थांबून त्यांनी कोटाचं एक एक बटण लावलं. सगळी रांग ग्रीलीकडे बघत होती. आणि तो डब्लिनचा शहाणा म्हणाला, "आभारी आहे. पुन्हा या."

डेलियाने कपाळावर हात मारून घेतला.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. जार्लथला सांगितलं तेव्हा तो हसून हसून लोळला. पण दुपारी डेलियाच्या खानावळीत डुकराचं मांस नि कोबी वाढताना एकच विषय होता. सरकारची हमी आहे, हे खरं. पण टाळी झाली नाही म्हणे. शकुनाचा पैसा दिला नाही. मॅलकी तोंड फिरवून निघाला आणि त्याला कुणी परत बोलावलं नाही. असल्या सौद्यातून कुणीही केव्हाही अंग काढून घेतं. मग सरकारने का घेऊ नये? तसा शकुनाबिकुनावर कुणाचाच विश्वास नव्हता. प्रत्येक जण म्हणायचा, "माझं काही नाही हो, पण बायको ऐकत नाही." आणि बायका म्हणायच्या, "मी कशाला घाबरतेय! पण ह्यांना झोप नाही."

शुक्रवारी मी नेसाचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर रांग बँकेच्या दारातून निघून खाटकाच्या दुकानापुढून वळली होती. सगळी ओळखीची माणसं, हातात बाजाराच्या रिकाम्या पिशव्या, आणि माझी नजर चुकवताहेत.

"डेलिया, तूसुद्धा?"

"मी सहज आले गं. थोडे काढून ठेवते. ख्रिसमस येतोय."

"ऑक्टोबर लागलाय नुकता!"

"यंदा लवकर येतोय."

नेसा मागच्या खोलीत रडत होती. मुख्य कार्यालयातून दर तासाला फोन येत होता: देशभर लोक निवांत असताना तुमच्याच गावात रांग का? "ग्रीलीसाहेबांनी अजून नाव सांगितलं नाही, आई. पण सांगावंच लागेल. आणि काउंटरवर माझ्यापुढे पाटी आहे, नेसा टॅन्सी. कोण कायम करेल मला?"

मी तशीच घरी आले. काका चुलीपाशी बसले होते, अंगात कोट, डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर काठी.

"काका, काय करून ठेवलंत हे! पोरीची नोकरी जाईल!"

"मी काय केलं?" ते खरोखर दुखावलेले दिसले. "परत बोलवायची वाट बघतोय मी. मंगळवारपासून कोटसुद्धा नीट काढला नाही. असा कसा मॅनेजर? निघालेल्या माणसाला हाक मारत नाही?"

"त्याला ठाऊक नाही हो! चला, मी बोलावते तुम्हाला."

"तू बोलावून काय होतं? मी घेणारा, तो देणारा. मधे तिसरा माणूस लागतो. माझीच टाळी मी कशी वाजवू?"

"मी आहे मधे."

काकांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू? तू कॉलेजात शिकलेली."

"म्हणून काय मला हात नाहीत?"

आम्हाला बघितल्यावर रांग दोन्ही बाजूंना सरकली. आत ग्रीली फोनवर होता. त्याने रिसीव्हर ठेवला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. "मी वर विचारलं," तो हळूच मला म्हणाला. "शकुनाच्या पैशाला खर्चाचं खातं नाही म्हणतात. आणि एकाला दिला तर उद्या सगळा देश मागेल." त्याने स्वतःच्या खिशातून एक युरो काढला.

काकांनी तो बघितलासुद्धा नाही. "हा तुझा. बँकेचा दे."

तेवढ्यात काचेआडून नेसाचा बारीक आवाज आला. "सर, आपली खार आहे ना."

मुलांच्या बचत खात्याबरोबर बँक एक प्लास्टिकची खार देत असे. पोटात फट, त्यात नाणी टाकायची. खाली कपाटात खोकी भरून पडली होती. ती बँकेचीच होती, बँकेच्या खर्चाने आलेली, आणि तिला रीतसर खातंही होतं.

"पण त्यासाठी मुलाचं खातं उघडावं लागतं," ग्रीली म्हणाला. "निदान पाच युरो भरून. आणि वय बाराच्या आत हवं."

"पाच युरो देतो," काका म्हणाले.

"तुमचं वय, मिस्टर टॅन्सी?"

"अठ्ठ्याहत्तर."

ग्रीलीने काचेतून बाहेर बघितलं. रांग आता खाटकाच्याही पुढे गेली होती. "नेसा, आठ लिही."

काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी केलेली नोट काढली, उलगडली, आणि काउंटरवर ठेवली. मागे कुजबुज उठली.

"मॅलकी भरतोय?"

"भरतोय? काढत नाहीये?"

"भरतोय गं! डोळ्यांनी बघतेय मी!"

"थांबा," काका काठी आपटून म्हणाले. "आधी खोड."

ग्रीलीचा चेहरा वेडावाकडा झाला. मला त्याची दया आली. तोही कुणाच्या तरी पोटचा होता, आणि त्याचीही आई डब्लिनला काळजी करत असणार. तो पुढे वाकला आणि काकांच्या कानात काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. काकांच्या भुवया टोपीखाली गेल्या.

"एवढी?"

"एवढी," ग्रीली म्हणाला.

काकांनी विचार केला. "बरं," ते शेवटी म्हणाले. "सांगितलीस ना. तोंडावर सांगणारा माणूस मला चालतो. आता तू मधे ये गं."

मी मधे गेले. काका तळहातावर थुंकले. ते बघून ग्रीलीने आपला हात पाठीमागे लपवला. मी त्याचं मनगट धरून पुढे ओढलं. "साहेब, माझ्या मुलीची नोकरी आहे," मी म्हटलं आणि हातावर हात असा आपटला की नेसा खुर्चीतून उडाली.

टाळी वाजली. ग्रीलीने खार काकांच्या हातावर ठेवली. काकांनी ती कानाशी धरून हलवली, एकदा कपाळाला लावली, आणि कोटाच्या खिशात घातली.

"झाला सौदा," ते रांगेकडे वळून म्हणाले. "घरी जा. गाई धारेला आल्या असतील."

पहिली डेलिया निघाली. जाताना म्हणाली, "मी ख्रिसमसचंच बघायला आले होते." तिच्या मागून बाकीचे. खाटीक मात्र काउंटरशी आला आणि नातीसाठी अशी खार मिळेल का, म्हणून विचारायला लागला. पुढच्या आठवड्यात क्लूनबेगमधल्या झाडून सगळ्या नातवंडांची खाती निघाली. लहान मुलांच्या बचतीत आमची शाखा जिल्ह्यात पहिली आली. मुख्य कार्यालयाने अभिनंदन कळवलं, त्यात नेसाचं नाव होतं, आणि महिनाअखेरीला ती कायम झाली. त्या रात्री मी पोटभर जेवले. मग विचार आला, आता हिची बदली केली तर?

पुढे काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. दोन वर्षांनी बाहेरून कर्ज काढायची पाळी आली, कर वाढले, जार्लथचा पगार कापला गेला. बँकांनी किती बुडवलं त्याचे आकडे पेपरात आले तेव्हा मी काकांना वाचून दाखवले. ते लापशी खात होते.

"हं," म्हणाले. "फिंटनने सांगितली होती एवढी."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"खोड घेणाऱ्याला सांगायची असते, गावाला नाही. आणि मी आपल्या शाखेपुरता जामीन होतो. बाकीच्यांनी शकुनाचा पैसा घेतला नाही, त्याला मी काय करू?"

आमची शाखा बंद झाली नाही, हे खरं. शेजारच्या दोन गावांतल्या गेल्या. काका खारीकडे बोट दाखवतात. मी अर्थशास्त्र शिकलेली असल्याने गप्प बसते.

एक भानगड मात्र राहून गेली होती. बँकेच्या हिशेबी मॅलकी टॅन्सी आठ वर्षांचे होते. दर ऑक्टोबरात त्यांना वाढदिवसाचं रंगीत कार्ड यायचं, त्यावर टोपी घातलेली खार. "प्रिय मॅलकी, तू आता नऊ वर्षांचा झालास! दात घासतोस ना?" काका ते चुलीवरच्या फळीवर मांडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावायचे. दात त्यांचे रात्री पेल्यात असत.

गेल्या ऑक्टोबरात आलेल्या कार्डावर लिहिलं होतं: "प्रिय मॅलकी, तू आता बारा वर्षांचा झालास! मोठ्यांच्या खात्यासाठी पालकांना घेऊन बँकेत ये."

"चल," काका मला म्हणाले. अंगात कोट होताच. "पालक तू."

काउंटरवर नेसा होती. आता तिच्या हाताखाली दोघं आहेत. हसू दाबत तिने विचारलं, "मुलाच्या वतीने कोण सही करणार?"

"मी," मी म्हटलं आणि पेन उचललं.

काकांनी माझा हात धरला. "थांब. न बघता सही करतेस? तू कॉलेजात शिकलेली ना?"

असं म्हणून ते मागे झाले, टोपी सरळ केली आणि काउंटरपासून दारापर्यंत चालत गेले. वळले. दारापासून काउंटरपर्यंत परत आले, मान वर करून, काठी हवेत धरून.

"डावा गुडघा अधू आहे," ते धापा टाकत म्हणाले. "आणि रात्री घोरतो. आधीच सांगतो."

मग त्यांनी खिशातून ती खार काढली, उलटी करून झटकली आणि आत खुळखुळणारं एकुलतं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं.

मी सही केली.